वहीच्या शेवटच्या पानावरचा हीरो

खरं सांगा, शाळेत वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही काय काढायचात? गणिताच्या सरांचं कार्टून? केप घातलेला सुपरहीरो? की शेजारी बसणाऱ्या दोस्ताचं नाक? बहुतेकांचा तो हीरो दहावीच्या आधीच रद्दीत गेला. मग इंजिनीअरिंग, कॅम्पस, वाळूजची शिफ्ट नाहीतर पुण्यातलं क्यूबिकल. चित्रं राहिली ती राहिलीच!

पण काही जणांनी लहानपण असं रद्दीत घातलं नाही.

आपला चिंटूच घ्या ना. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने २१ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याला 'सकाळ'मध्ये आणलं. विषय काय, तर शाळा, अभ्यास, आईची बोलणी, पप्पू-मिनी-बगळ्यासोबतची भांडणं आणि जोशी काकू. बस्स! ना सुपरपॉवर, ना व्हिलन. तरी हेडलाइनच्या आधी चिंटू वाचणारी पोरं आज होम लोनचे हप्ते भरतायत आणि चिंटू मात्र अजून शाळेतच आहे.

रोजच्या त्या चार चौकटींची पुस्तकं झाली. मग २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोलेंनी 'चिंटू' सिनेमा केला. इथे खरी गंमत आहे. चार चौकटींना एक फटका पुरतो, दोन तासांच्या सिनेमाला काहीतरी पणाला लागलेलं हवं. म्हणून गोष्ट आली ती खेळायचं मैदान वाचवण्याची. ग्राउंड गेलं की गँग गेली, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये 'चिंटू २'सुद्धा आला.

पाचव्या वर्षीचा फोन

आता थोडं सातासमुद्रापार जाऊ. अमेरिकेतल्या ओहायोचा जेफ स्मिथ. साधारण पाच वर्षांचा असताना त्याने एक पात्र काढलं. दिसायला कसं? तर तोंड वासून पडलेल्या जुन्या फोनच्या रिसीव्हरसारखं! हे पात्र त्याने सोडलंच नाही. कॉलेजच्या पेपरात १९८२ ते १९८६ त्याची स्ट्रिप चालवली. मग मित्रांसोबत अ‍ॅनिमेशन स्टुडिओ काढला, पोटापाण्याचंही पाहिलं. आणि १९९१ मध्ये, म्हणजे चिंटूच्याच वर्षी, 'बोन' हे कॉमिक स्वतःच छापायला घेतलं. २००४ पर्यंत ५५ अंक आणि १,३०० हून जास्त पानं!

पडद्यामागचं नाव मात्र ऐकाच. जेफची बायको विजया अय्यर. सिलिकॉन व्हॅलीच्या कंपनीतला चांगल्या पगाराचा जॉब सोडून तिने छपाई, हिशेब आणि विक्री हातात घेतली. नवरा टेबलावर चित्रं काढतोय आणि प्रकाशन बायको चालवतेय, असा मामला. सगळंच जमलं असंही नाही. नेटफ्लिक्सने जाहीर केलेली 'बोन'ची अ‍ॅनिमेशन सिरीज २०२२ मध्ये गुंडाळली गेली. पुस्तकं मात्र जगभरची पोरं वाचतायत.

थोडक्यात फंडा काय? आयडिया छोटी असली तरी चालते, ती रोज पानावर उतरायला हवी. आणि सोबत कुणीतरी लागतं. पंडितांना वाडेकर, जेफला विजया.

आपल्याकडे तर परंपराच!

चित्रातून गोष्ट सांगणं संभाजीनगरकरांनी कुणाकडून शिकायचं? शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. सतराव्या लेण्यात भिंतभर जातककथा आहेत. तेच पात्र पुन्हा पुन्हा दिसतं आणि गोष्ट पुढे सरकते. एकेक चित्र समोर धरून कथा सांगणाऱ्या चित्रकथींची एक शैली तर पैठणच्याच नावाने ओळखली जाते.

तेव्हा या रविवारी प्रोझोनला जरा सुट्टी द्या. घरी माळ्यावर चढा, जुन्या वह्या काढा. शेवटचं पान सापडलं तर लंच ब्रेकमध्ये रोज चार चौकटी काढून पाहा, महिनाभर. राजीनामा लिहायची घाई नको, जेफनेही केली नव्हती. महिनाअखेरीला ती पानं एका दोस्ताला दाखवा. तो हसला आणि 'पुढे काय झालं रे?' असं विचारलं, तर समजा, तुमचा हीरो अजून जिवंत आहे.