महाविद्यालयीन परिसरातील वीगन प्रबोधन आणि हस्तपत्रके : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी वाटले जाणारे हस्तपत्रक ही महाराष्ट्रातील शैक्षणिक जीवनातील जुनी व परिचित बाब आहे. विद्यार्थी संघटना, रक्तदान, वृक्षारोपण, अंधश्रद्धा निर्मूलन अशा अनेक कार्यांसाठी या साधनाचा वापर झालेला आहे. अलीकडच्या काळात त्यात वीगन आहाराच्या प्रचाराची भर पडली आहे. हा प्रचार आहाराशी, आरोग्याशी आणि महाराष्ट्रात अपरिहार्यपणे जातीशीही निगडित असल्याने अशा पत्रकास परवानगी द्यावी काय, आणि दिल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न प्राचार्य व प्राध्यापक यांच्यासमोर उभा राहतो. प्रस्तुत लेखात या चळवळीचे स्वरूप, पत्रक या माध्यमाची मर्यादा आणि चामटोलीसारख्या गावांतून बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथे शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचा संदर्भ लक्षात घेऊन या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

वीगन संकल्पना

‘वीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. मांस, मासे व अंडी यांबरोबरच दूध, तूप, मध इत्यादी सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करणे, तसेच चामडे, रेशीम, लोकर यांचा वापर शक्य तितका टाळणे, असा त्याचा अर्थ आहे. भारतीय शाकाहारात दुधास मानाचे स्थान असल्याने शाकाहारी आणि वीगन यांतील भेद येथे विशेष स्पष्ट करावा लागतो. शासकीय पातळीवरही हा भेद आता मान्य झाला आहे. वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याचे शाकाहारी चिन्ह २००१ साली आले, तर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली वीगन पदार्थांसाठी स्वतंत्र चिन्ह जाहीर करून २०२२ साली त्यासंबंधीचे विनियम अधिसूचित केले.

दुधाविषयीचा वीगन युक्तिवाद समजून घेणे आवश्यक आहे. गाय वा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा व म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा असतो. दूध चालू ठेवण्यासाठी जनावर पुनःपुन्हा गाभण राहावे लागते आणि जन्मणाऱ्या पिलांपैकी सुमारे निम्मी नर असतात. ट्रॅक्टर आल्यानंतर शेतीत बैलाची गरज घटली; तबेल्यात रेडकाला तर पूर्वीपासूनच फारसे स्थान नाही. महाराष्ट्रात २०१५ सालापासून गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे, म्हशींना मात्र ती लागू नाही. तात्पर्य, दूध आणि मांस हे दोन स्वतंत्र व्यवसाय नसून एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत, हा वीगन पत्रकाचा मध्यवर्ती मुद्दा होय. या मुद्द्याने मांसाहारी विद्यार्थ्याइतकाच शाकाहारी विद्यार्थीही अस्वस्थ होतो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

छापील मजकूर आणि विद्यार्थी : पूर्वपरंपरा

छापील मजकुराने एका विद्यार्थ्याचा आहारविचार पालटल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भारतीयच आहे. कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेलेल्या मोहनदास गांधी यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी उपाहारगृहात हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारसमर्थनाचे पुस्तक एक शिलिंगास मिळाले. तोवर केवळ आईला दिलेल्या वचनामुळे पाळलेला शाकाहार ते वाचून स्वेच्छेचा झाला, असे त्यांनी आत्मकथेत नोंदविले आहे. पुढे १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूधही सोडले. परंतु १९१८ मधील गंभीर आजारानंतर शेळीचे दूध घेणे त्यांना भाग पडले. विचाराचा स्वीकार आणि शरीराची मर्यादा या दोन्ही गोष्टी या एकाच चरित्रात दिसतात.

महाविद्यालयांत पद्धतशीर पत्रकवाटप करण्याचे आधुनिक उदाहरण अमेरिकेतील आहे. मॅट बॉल व जॅक नॉरिस यांनी १९९३ साली सुरू केलेल्या कार्यातून ‘वीगन आउटरीच’ ही संस्था उभी राहिली. तिने २००३ पासून स्वयंसेवकांनी एकेक महाविद्यालय ‘दत्तक’ घेऊन तेथे पत्रके वाटण्याचा उपक्रम राबविला. पुढे भारतातही तिचे कार्य सुरू झाले. महाराष्ट्रात पुणे येथील ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था १९७४ पासून प्राण्यांच्या प्रश्नांवर लोकशिक्षण करीत आहे. प्राण्यांविषयीच्या आग्रहाचा परिणाम थेट अभ्यासक्रमावरही झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या व २०१४ साली त्यापुढील पाऊल उचलले.

स्थानिक संदर्भ

या परिसराची आहारसंस्कृती एकजिनसी नाही. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले शहर असून १९४९ साली त्यास सध्याचे नाव मिळाले. सिंधी समाजात मासे व मांस प्रचलित असले, तरी साधू टी. एल. वासवानी यांच्या परंपरेने अहिंसेचा आग्रह धरला. त्यांचा जन्मदिवस २५ नोव्हेंबर हा १९८६ पासून ‘मीटलेस डे’ म्हणून पाळला जातो. एका दिवसाची स्वेच्छेची प्रतिज्ञा हे त्या आवाहनाचे स्वरूप आहे. दुसरीकडे अंबरनाथ तालुक्यातील आगरी, कुणबी, ठाकूर व कातकरी घरांत भाताबरोबर सुकट, बोंबील, नदीओढ्यातील मासे हा रोजच्या अन्नाचा भाग आहे. याच घरांतून श्रावण कटाक्षाने पाळला जातो आणि माळ घातलेला वारकरी आयुष्यभर मांस वर्ज्य करतो. तथापि गोपाळकाल्यात दही हवेच असते. आहारावरील स्वेच्छेचा निर्बंध येथे परका नाही. दुधावरील निर्बंध मात्र परका आहे.

२०१४ च्या नमुना नोंदणी पद्धतीच्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी आहेत. अर्थात बहुसंख्य मांसाहारी आहेत. शाकाहार हा उच्चवर्णीय प्रतिष्ठेचा निकष मानला गेल्याने मांसाहारी विद्यार्थ्याने पिढ्यान्‌पिढ्या हिणवणी सोसलेली आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाने ही बाजू ठळकपणे मांडली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०२३ साली वसतिगृहाच्या भोजनकक्षात शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखीव मेजांवरून वाद झाला. शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्ट २०२५ रोजी मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला असता त्यासही तीव्र विरोध झाला. या दोन्ही प्रसंगांत आक्षेप होता तो वेगळे बसविण्यास व सक्तीस. पत्रक सक्ती करीत नाही. ते नाकारता येते. हेच त्याचे नैतिक बळ आहे, परंतु पत्रकाची भाषा हिणवणारी असेल तर हे बळ नाहीसे होते.

परिणामकारकता आणि सत्यता

पत्रकाने आहार किती बदलतो? याविषयीचा पुरावा क्षीण आहे. प्राणिकल्याण संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या ‘अ‍ॅनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्स’ या संस्थेनेही २०१७ साली पत्रकवाटपाच्या परिणामाविषयी सावध निष्कर्ष काढला. अमेरिकेतील सुमारे ११ हजार प्रौढांच्या २०१४ च्या एका पाहणीत शाकाहार वा वीगन आहार स्वीकारलेल्यांपैकी ८४ टक्के व्यक्तींनी तो पुढे सोडल्याचे दिसून आले. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील २०२० साली प्रकाशित प्रयोगात, मांसाहाराच्या नीतीवरील लेख वाचून लहान गटांत चर्चा केलेल्या विद्यार्थ्यांच्या उपाहारगृहातील खरेदीत मांसयुक्त पदार्थांचे प्रमाण ५२ वरून ४५ टक्क्यांवर आले. दुसऱ्या विषयावर चर्चा केलेल्या गटात तसा बदल आढळला नाही. कागद हातात देऊन पुढे जाण्यापेक्षा वाचन व प्रतिवादासह चर्चा अधिक फलदायी ठरते, असे यावरून दिसते. चर्चा घडवून आणणे हे तर प्राध्यापकाचेच क्षेत्र आहे.

दुसरा निकष सत्यतेचा. पत्रकात ब-१२ जीवनसत्त्वाचा उल्लेख नसेल तर ते अपूर्ण नव्हे, धोकादायक मानावे. वनस्पतिजन्य अन्नातून हे जीवनसत्त्व विश्वसनीय प्रमाणात मिळत नाही. वीगन व्यक्तीस ते गोळीतून वा समृद्ध केलेल्या पदार्थांतून घ्यावेच लागते. दीर्घकाळच्या कमतरतेमुळे रक्तक्षय व मज्जातंतूंचे विकार संभवतात. आधीच रक्तक्षयाने ग्रस्त असलेल्या विद्यार्थिनींनी पर्याय न योजता अंडी-मासे सोडल्यास त्यांचे नुकसान होईल. मात्र पर्याय दूरचे नाहीत. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, मटकीची उसळ, शेंगदाण्याची आमटी, तिळाची चटणी, नारळाच्या दुधाची सोलकढी हे पदार्थ मुळातच वीगन आहेत. महागडे सोया वा बदाम पेय सुचविणाऱ्या पत्रकापेक्षा घरातीलच ताटाकडे लक्ष वेधणारे मराठी व सिंधी पत्रक अधिक उपयुक्त ठरेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, वीगन पत्रकास सरसकट मनाई करणे वा सरसकट प्रोत्साहन देणे, दोन्ही अनुचित होय. पत्रकातील विधाने सत्य आहेत काय, पोषणविषयक इशारा दिला आहे काय आणि कोणत्याही समाजाच्या अन्नाची अवहेलना होत नाही ना, हे पाहून परवानगी द्यावी. दोन, प्राध्यापकाने परवानगी देताना स्वतःच्या आहाराचे मत निकष म्हणून वापरू नये. तीन, पत्रकवाटपास राष्ट्रीय सेवा योजना वा वाङ्मय मंडळाच्या चर्चासत्राची जोड द्यावी. त्यात आहारतज्ज्ञ, दूध उत्पादक शेतकरी आणि मासळी विकून मुलीला शिकविणारी आई यांनाही बोलण्याची संधी असावी. प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१-क (छ) नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. शेजाऱ्याच्या ताटाचा मान राखणे हेही त्याच संविधानाच्या बंधुतेत अंतर्भूत आहे. या दोहोंचा विचार एकाच वर्गात बसून करता येणे, हे महाविद्यालयीन शिक्षणाचे प्रयोजन होय.