महिला महाविद्यालय आणि बाराव्यानंतरचे तिकीट

१९१६ साली महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेतून शिक्षण आणि अभ्यासक्रमात गृहशास्त्र ही त्याची ओळख. १९५१ मध्ये त्याला कायद्याने दर्जा मिळाला. हे काम मोठेच. पण आमच्या शेतमजूर मायबहिणींच्या लेकींपर्यंत ते कितपत पोहोचले?

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अस्पृश्य महिलांची परिषद भरली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेबांच्या उपस्थितीत झालेल्या या परिषदेने मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहांची मागणी केली. राहण्याची सोय नसेल तर शाळा-कॉलेजचे दार उघडे असूनही बंदच, हे त्या बायाबापड्यांनी ओळखले होते.

आज यवतमाळात लोकनायक बापूजी अणे यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. पण झरी, मारेगाव, महागावच्या मुलीने तिथे यायचे कसे? अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच. नेमके महाविद्यालय सुरू होते, तिथे सवलत आखडते. वसतिगृहाच्या जागा मोजक्या. स्वाधारची रक्कम हातात पडायला वेळ लागतो. तोवर बाप स्थळ पाहतो.

संविधानाचे कलम १५(३) स्त्रियांसाठी विशेष तरतुदीची मुभा शासनाला देते. म्हणून आमची मागणी सरळ आहे: मोफत पास पदवीपर्यंत द्या, प्रत्येक तालुक्याला मुलींचे वसतिगृह काढा, गृहशास्त्राबरोबर विज्ञान आणि कायदाही शिकवा.

बंधूंनो, जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा यंदा वस्तीतल्या एका मुलीच्या प्रवेशासाठी काढा. जयभीम!