नाम एक, वैद्य अनेक

द्रव्यगुणाच्या अभ्यासकास नामसाधर्म्याचे संकट नवे नाही. 'ब्राह्मी' मागितली असता कोणी नीरब्राह्मी देतो, कोणी मंडूकपर्णी. 'शंखपुष्पी' म्हणून आपल्याकडे एक वनस्पती येते, केरळात गोकर्णी वापरली जाते. ग्रंथकारांचेही तेच. अष्टांगहृदयकार वाग्भट निराळे आणि रसरत्नसमुच्चयाचे रसवाग्भट निराळे; दोघांमध्ये कित्येक शतकांचे अंतर आहे. केवळ नाव जाणणे म्हणजे द्रव्य जाणणे नव्हे, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात गुराख्यांच्या दृष्टान्ताने सांगितले आहे. हा न्याय आपण औषधींना लावतो. स्वतःला मात्र लावीत नाही.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ अत्यंत संतप्त होऊन आमच्या चिकित्सालयात आले. त्यांच्या वडिलांस भल्लातकाच्या कल्पाने सर्वांगास कंडू व फोड आले होते. चिठ्ठीवर आमचेच नाव व आडनाव होते, पुढे 'बी.ए.एम.एस.' एवढेच. हस्ताक्षर आमचे नव्हते. आमच्याच नावाचे दुसरे एक वैद्य त्याच जिल्ह्यात व्यवसाय करीत होते, आणि औषध विक्रेत्याने नावावरून आमचा पत्ता दिला होता. आदल्या दिवशी आमची साप्ताहिक सुटी असल्याने त्या गृहस्थांस दार बंद दिसले. तोवर औषध चालूच राहिले. आम्ही ते तत्काळ थांबविण्यास सांगितले व मूळ वैद्यांस दूरध्वनी केला. रुग्ण बरा झाला. पण एक दिवस वाया गेला, तो केवळ नावामुळे.

त्या रात्री आम्ही स्वतःचे चिठ्ठीपुस्तक काढून पाहिले. त्यावरही नोंदणी क्रमांक छापलेला नव्हता. मग दोष एकट्या दुसऱ्याचा कसा म्हणावा?

महाराष्ट्रात आपली नोंद महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 अन्वये राज्य परिषदेच्या नोंदपुस्तकात होते. तेथे एका नावाचे अनेक असू शकतात. क्रमांक मात्र एकाचाच असतो. पूर्वी 1970 च्या आणि आता 2020 च्या केंद्रीय कायद्यानुसार राष्ट्रीय नोंदवहीचीही व्यवस्था आहे. दोन राज्यांत एकच क्रमांक येऊ शकतो, म्हणून क्रमांकासोबत परिषदेचे नावही लिहावे.

याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. विवाहानंतर आडनाव बदललेल्या भगिनींची पदवी एका नावाने व फलक दुसऱ्या नावाने असतो. तेथे व्यक्ती एक व नावे दोन. आपल्यात तर 'वैद्य' हे आडनावही आहे आणि उपाधीही! आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या व्यावसायिक नोंदवहीत आयुष वैद्यांसही स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. शोधनिबंध लिहिणाऱ्यांसाठी 2012 पासून ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक उपलब्ध आहे. पंजिका कोणतीही असो, तत्त्व एकच : नाव हाक मारण्यासाठी, क्रमांक ओळख पटविण्यासाठी.

औषध विक्रेत्या बंधूंस विशेष विनंती आहे. वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक यांसारखी द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये आहेत. अशा कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. ती देखरेख कोणाची, हे चिठ्ठीवरून कळलेच पाहिजे. क्रमांक नसल्यास रुग्णाकडून पत्ता विचारून घ्यावा व वैद्यांशी बोलून खात्री करावी. केवळ नावावरून कोणाकडेही पाठवू नये.

तसेच एखाद्या वैद्यावर कारवाई झाल्याचे वाचनात आल्यास, क्रमांक व पत्ता ताडून पाहिल्याविना त्या नावाच्या सहव्यवसायीविषयी चर्चा करू नये. आयुष्यभर जपलेली कीर्ती नामबंधूच्या अपराधाने डागाळणे हा मोठा अन्याय होय.

संदिग्ध द्रव्य आपण परीक्षेविना खलात घालीत नाही. तेच पथ्य नावांच्या बाबतीतही पाळू या. आमच्या चिठ्ठीवर आता पूर्ण नाव, परिषद व क्रमांक छापलेला आहे. सुज्ञ वाचकांनीही आज आपले चिठ्ठीपुस्तक एकदा उघडून पाहावे, ही नम्र विनंती.