कुस्तुनतुनियाची तटबंदी

विद्यार्थी मित्रांनो, मौलाना रूमी हे नाव तुम्ही ऐकले असेल. पण त्यांना ‘रूमी’ का म्हणतात? ते आजच्या तुर्कस्तानातील कोन्या शहरात राहत. हा प्रदेश पूर्वी रोमन साम्राज्यात होता, म्हणून मुसलमान त्याला ‘रूम’ म्हणत. रोमचे पश्चिमेकडील राज्य पाचव्या शतकात संपले. पूर्वेकडील ख्रिस्ती राज्य मात्र पुढे सुमारे हजार वर्षे टिकले. इतिहासकार त्याला बायझंटाइन साम्राज्य म्हणतात.

इ.स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने युरोप आणि आशिया यांच्या सीमेवर नवी राजधानी वसवली. तिचे नाव कॉन्स्टँटिनोपल. आपण तिला कुस्तुनतुनिया म्हणतो. आजचे इस्तंबूल ते हेच. शहराच्या तीन बाजूंना पाणी होते. चौथ्या बाजूला पाचव्या शतकात भक्कम तटबंदी बांधली गेली. आधी खंदक, मग एक भिंत आणि तिच्यामागे आणखी उंच भिंत! बंदराच्या तोंडावर लोखंडी साखळी लावण्याची सोय होती. इ.स. ७१७-१८ मध्ये उमय्या खलिफांच्या मोठ्या सैन्यालाही हे शहर घेता आले नाही.

पण केवळ भिंतींमुळे राज्य टिकत नाही. काळ्या समुद्राची जहाजे या शहरावरूनच जात. त्यांच्या जकातीने खजिना भरत असे. तेथील सोन्याचे नाणे सुमारे सातशे वर्षे शुद्ध राहिले, म्हणून दूरदूरचे व्यापारी ते विश्वासाने घेत. सम्राट जस्टिनियनने रोमन कायदे एकत्र केले आणि इ.स. ५३२ ते ५३७ या काळात आया सोफियाचे भव्य चर्च बांधले.

मग हे साम्राज्य कसे कोसळले? अकराव्या शतकात राजांनी नाण्यात हिणकस धातू मिसळला. इ.स. १०७१ मध्ये सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने मंझिकर्ट येथे सम्राटाचा पराभव केला. त्यानंतर धान्य आणि सैनिक पुरवणारा मोठा प्रदेश हळूहळू हातचा गेला.

सर्वांत मोठा घाव मात्र इ.स. १२०४ मध्ये बसला. तो घालणारे ख्रिस्तीच होते! राजघराण्यात गादीसाठी भांडण होते. एका राजपुत्राने पैशांचे आमिष दाखवून क्रूसेडच्या सैन्याला मदतीला बोलावले. कबूल केलेले पैसे मिळाले नाहीत, तेव्हा त्या सैन्याने शहरच लुटले. तेथील ब्राँझचे चार घोडे आजही व्हेनिसमध्ये आहेत. इ.स. १२६१ मध्ये राजधानी परत मिळाली, पण व्यापार परक्यांच्या हाती गेला होता.

इ.स. १४५३ मध्ये उस्मानी सुलतान मुहम्मद फातेह यांनी शहराला वेढा घातला. तेव्हा ते २१ वर्षांचे होते. तोफा ओतणारा ऑर्बन नावाचा कारागीर आधी सम्राटाकडेच गेला होता, पण त्याला पगार देण्याइतका पैसा खजिन्यात नव्हता. त्यानेच सुलतानासाठी प्रचंड तोफ ओतली. सुलतानाने जहाजे टेकडीवरून ओढून बंदरात उतरवली. शहराचे रक्षण करणारे फक्त सुमारे ७,००० होते. २९ मे रोजी तटबंदी पडली. शेवटचा सम्राट लढता लढता मारला गेला. शहराची लूट झाली, पुष्कळ लोक गुलाम झाले. पुढे सुलतानाने ख्रिस्ती धर्मगुरूचे पद कायम ठेवले आणि शहर पुन्हा वसवले.

मित्रांनो, ही केवळ दोन धर्मांची लढाई होती असे समजू नका. घरातले भांडण, खोटे नाणे आणि रिकामा खजिना यांनी राज्य आधीच पोखरले होते. तोफांनी शेवटी फक्त भिंत पाडली.

शब्दार्थ
तटबंदी – फसील
वेढा – मुहासरा
जकात – मालावरील कर, महसूल
हिणकस – खोट असलेला
पोखरणे – आतून खोखला करना

स्वाध्याय
१. कुस्तुनतुनिया शहर सुरक्षित का होते?
२. ऑर्बन सुलतानाकडे का गेला?
३. ‘केवळ भिंतींमुळे राज्य टिकत नाही’ हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.