पायात काटा मोडतो तेव्हा

अंजनगाव सुर्जीच्या एखाद्या शेतात धुऱ्यावरून अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा मोडला, तर काय होते? काही तासांत ती जागा लाल होते, सुजते, ठणकू लागते. ही सूज तुमच्याच शरीराने मुद्दाम आणलेली असते. का बरे?

काट्याबरोबर मातीतले जीवाणू आत शिरतात. कातडीखाली भक्षक पेशी पहारा देत असतात. हे जीवाणू त्यांनी पूर्वी कधी पाहिलेलेही नसतील. मग आपला कोण, परका कोण, हे त्यांना कसे कळते?

अनेक जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणात मेद आणि शर्करा यांचा बनलेला एक पदार्थ असतो. आपले शरीर तो कधीच तयार करीत नाही. त्याच्या रेणूला बहुधा मेदाच्या सहा शेपट्या असतात. भक्षक पेशीवरचे 'टीएलआर-४' हे प्रथिन आपल्या जोडीदार प्रथिनाच्या मदतीने या शेपट्या ओळखते. ओळख पटताच पेशी रासायनिक हाका देते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. म्हणून ती लाली, म्हणून ती सूज! हे प्रथिन पहारेकरी आहे, हे ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये दाखविले. त्यांना २०११ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी, की भक्षक पेशींची कथाही काट्यापासूनच सुरू होते. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. सकाळी पाहतात तो काय, काट्याभोवती पेशींचा गराडा!

मेचनिकॉफ यांचेच शिष्य हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ते येथे आले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लशीची गरज का पडली? प्लेगचा जीवाणू मोठा बहुरूपी आहे. पिसवेच्या थंड शरीरात तो सहा शेपट्या बाळगतो. माणसाच्या उबदार शरीरात मात्र मुख्यतः चारच! पहारेकरी फसतो, हाक उशिरा जाते. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी या जीवाणूला उबेतही सहा शेपट्या धारण करायला लावल्या. उंदरांच्या शरीराने त्याला लगेच ओळखले आणि उंदीर वाचले.

तेव्हा काटा काढा, जखम साबण-पाण्याने धुवा, धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. तुमचे पहारेकरी जागे आहेत. पण प्रत्येक शत्रू त्यांना ओळखू येईलच असे नाही.