‘इथे पूर्वी समुद्र होता’ असं लिहिण्याआधी

पाण्यावरची घरं म्हटलं की तुम्हाला काश्मीरच्या हाऊसबोटी आठवतील. भायखळा, कामाठीपुऱ्याच्या चाळी आठवणार नाहीत. पण त्यांचाही पाण्याशी जुना हिशोब आहे, आणि तो मांडताना मी पहिल्याच प्रकरणात घसरले.

मी लिहिलं होतं, ‘इथे पूर्वी समुद्र होता.’ गाइडनी पेन्सिलीने शेजारी लिहिलं, ‘दिवसातून किती तास?’ मला वाटलं, उगाच खोड काढतायत. पण प्रश्न बरोबर होता. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधून भरतीचं पाणी आत घुसायचं आणि ओहोटीला चिखल मागे ठेवून जायचं. म्हणजे धड समुद्र नाही, धड जमीन नाही. सात सुटी बेटं दाखवणारा तो लोकप्रिय नकाशा ही मधली अवस्था पुसून टाकतो.

मग मी नावांच्या मागे लागले. उमरखाडीत खाडी आहे. पायधुनी म्हणजे पाय धुवायची जागा. छान वाटतं ना? पण नाव हा नुसता सुगावा असतो, पुरावा नाही. त्याला जोड हवी. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ (1863), 1909-10 चं गॅझेटियर आणि 1865 ते 72 मधल्या लॉटनच्या मोजणीचे नकाशे एकाच टेबलावर मांडा. तिन्ही कुठे जुळत नाहीत ते आधी बघा, काम तिथेच असतं.

भरतीची वाट 1780 च्या दशकात हॉर्नबी वेलार्डने बंद झाली. आजचा लाला लजपतराय मार्ग त्यावरूनच जातो. बांध सारखा ढासळत होता, मग रामजी शिवजी प्रभूंना देवीने स्वप्नात येऊन समुद्रातल्या मूर्ती काढायला सांगितल्या, अशी आख्यायिका आहे. ती बांधकामाचा पुरावा म्हणून वापरू नका, पण फेकूही नका. लोकांनी हा बांध कसा लक्षात ठेवला, हे तिच्यातूनच कळतं.

आता खरी मेख. बांधाने समुद्र अडला, जमिनीची उंची वाढली नाही. पावसाचं पाणी तिथेच साचायचं. खोलगट भागांत पुढे कित्येक वर्षं भर पडत राहिली, त्यात शहराचा कचराही होता. कामाठीपुऱ्याला नाव देणारे तेलुगू मुलखातले कामाठी मजूर अशा जमिनीवर राहायला आले. म्हणून समुद्र कधी अडला, भर कधी पडली आणि माणसं कधी आली, या तीन तारखा वेगळ्या ठेवा. मी त्या एकाच वाक्यात कोंबल्या होत्या, आणि त्या वाक्यात चिखलात राहिलेली माणसंच गायब झाली होती.

याच्या उलट चूकही होते. दादर-परळच्या हिंदमाताला पाणी तुंबतं, म्हणून ‘तिथे खाडीच होती’ असं ठोकून देऊ नका. तो भाग बशीसारखा खोल आहे. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही. महापालिकेने अलीकडे जवळच्या प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्यात.

मुलाखती घ्याल तेव्हा तळमजल्यावर पलंगाखाली किती विटा लावल्यात तेही विचारा. माझ्या वहीत एका घराच्या नावापुढे ‘तीन’ लिहिलंय. आणि कंसात, ‘2005 नंतर चार’.