सुकाणू नसलेली होडी

होडी वळवायची झाली की सुकाणू फिरवायचे, हे तुम्ही खाडीवर किंवा निदान चित्रात तरी पाहिले असेल. पण एक होडी अशी आहे की जिला सुकाणूच नाही. एक सपाट फळी, तिच्यावर एक डोलकाठी, एक शीड, आणि ते शीड दोन्ही हातांनी धरून उभा असलेला माणूस. संपली होडी! तिला विंडसर्फर म्हणतात. आपण या लेखापुरते तिला ‘शीडफळी’ म्हणू या.

शीडफळीवर पहिल्यांदा उभे राहणाऱ्याचा पहिला तास बहुतेक पाण्यातच जातो. माझाही गेला. शीड उचलावे, दांडा धरावा, आणि फळीने वाऱ्याकडे तोंड फिरवून मला पाठीवर पाण्यात टाकावे, असे कितीतरी वेळा झाले. ताकद कमी पडते आहे असे समजून मी आणखी जोराने ओढत होतो. माझ्याहून निम्म्या वजनाची एक मुलगी शेजारून सहज निघून गेली, तेव्हा कोठे शंका आली, की प्रश्न ताकदीचा नसावा.

मग सुकाणू नसताना ही फळी वळते तरी कशी? अमेरिकेतील विमानविद्येचे इंजिनिअर जिम ड्रेक यांच्यापुढे हाच प्रश्न होता. हॉइल श्वाइट्झर या मित्राबरोबर त्यांनी कॅलिफोर्नियात अशी फळी तयार केली आणि १९६७ साली ती पाण्यात उतरवली. दोघांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व १९७० मध्ये ते मिळाले. त्यांची युक्ती डोलकाठीच्या बुडाशी होती. नेहमीच्या होडीत डोलकाठी पक्की रोवलेली असते. येथे ती चहूकडे वाकणाऱ्या सांध्यावर बसवली. त्यामुळे डोलकाठी पुढे, मागे, बाजूला, कशीही कलवता येते. हे कलवणे म्हणजेच सुकाणू. (जाता जाता सांगतो : इंग्लंडमध्ये हेलिंग बेटावर १९५८ साली पीटर चिल्व्हर्स नावाच्या मुलाने फळीवर शीड उभारले होते, आणि पुढे पेटंटच्या वादात तेथील न्यायालयाने ती गोष्ट ग्राह्य धरली. तेव्हा चिल्व्हर्सचे वय होते १२ वर्षे!)

कलवण्याने फळी का वळते, हे पाहण्यासाठी समुद्र नको. तुमचे टेबल पुरे. गुळगुळीत टेबलावर फूटपट्टी ठेवा आणि तिच्या लांब कडेला बरोबर मध्ये पेन्सिलीच्या टोकाने ढकला. पट्टी सरळ सरकेल. आता टोकाजवळ ढकला. पट्टी गर्रकन फिरेल, आणि ढकललेले टोक तुमच्यापासून दूर जाईल.

शीडफळीच्या मध्यभागी, खालच्या अंगाला, एक उभी पाते-फळी पाण्यात उतरलेली असते. फळी आडवी सरकू लागली की पाणी या पात्याला अडवते. हा अडथळा जणू एकाच बिंदूत एकवटला आहे असे समजा. त्याला ‘रोधबिंदू’ म्हणू. वाऱ्याचा शिडावरील दाबही असाच एका बिंदूत एकवटला आहे असे माना, तो ‘दाबबिंदू’. दाबबिंदू रोधबिंदूच्या बरोबर वर असेल तर फळी वळत नाही. एका बाजूने वारा दाबतो, दुसऱ्या बाजूने पाणी दाबते, आणि ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की जसा निसटतो तशी फळी पुढे सटकते. आता डोलकाठी मागे कलवा. दाबबिंदू रोधबिंदूच्या मागे गेला. वाऱ्याने फळीचे शेपूट ढकलले, अर्थात पुढचे टोक वाऱ्याकडे वळले. डोलकाठी पुढे कलवा, की टोक वाऱ्यापासून दूर वळते. पट्टीचाच प्रयोग!

आता माझ्या आपटण्याचे कारण तुमच्या ध्यानात आले असेल. नवशिका घाबरून स्वतः मागे रेलतो आणि डोलकाठीही आपल्याबरोबर मागे ओढतो. नको असताना त्याने सुकाणू फिरवलेले असते. फळी वाऱ्याकडे तोंड करते, शिडातला वारा जातो, आणि ज्याच्या आधाराने तो रेलला होता तो आधारच नाहीसा होतो.

उपाय साधा आहे, पण मनाविरुद्ध वाटतो. वाऱ्याकडे पाठ करून, डोलकाठीच्या दोन्ही बाजूंस पाय ठेवून उभे राहा. शीड उचलताना घाई करू नका. शिडावर साचलेले पाणी आधी निथळू द्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा पाच-सात लिटर पाणी उगाच कशाला उचलायचे? कंबरेत वाकून ओढू नका. पाठ ताठ ठेवून, गुडघे किंचित वाकवून, अंगाच्या भाराने दोरी ओढा. शीड वर आले की पुढच्या हाताने डोलकाठी आपल्या तोंडासमोरून फळीच्या पुढच्या टोकाकडे न्या. एका जागी शीड एकदम हलके लागेल. ती जागा सापडेपर्यंत मागचा हात लावूच नका. सापडली की मागच्या हाताने दांडा धरून हळूहळू जवळ घ्या. फळी चालू लागेल.

मागचा हात ओढला की शिडात वारा भरतो, सैल सोडला की शीड निशाणासारखे फडफडते व जोर नाहीसा होतो. वाऱ्याचा झोत आला की आपली मूठ आपोआप घट्ट होते, आणि तेथेच घात होतो. का, ते आकड्यांत पाहा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ३ मीटर वेगाचा वारा ४ चौरस मीटरच्या शिडाला साधारण सव्वादोन किलो वजनाइतका जोर लावतो. वेग दुप्पट, म्हणजे ६ मीटर झाला, की जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो : सुमारे ९ किलो. झोत क्षणात येतो, तेवढ्या क्षणात अंगाचा तोल सावरत नाही. म्हणून झोत आला की मागचा हात सैल. दोन्ही हात मात्र सोडू नका, नाहीतर पुन्हा शीड उचलणे आलेच.

आणि नजर? सगळे नवशिके पायांकडे पाहतात. एक प्रयोग करा. एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. तोल जाऊ लागेल. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि डोळे मिळून हे काम करतात, आणि डोळ्यांना स्थिर खूण लागते. हलणारी फळी ही काही स्थिर खूण नव्हे. दूरच्या माडाकडे पाहा.

फळी निवडताना हौशी मुले लहान, सुबक फळीवर हात ठेवतात. तसे करू नका. समजा तुमचे वजन ४५ किलो, फळी व शीड मिळून २३ किलो. एकूण ६८ किलो. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे ६८ लिटर पाणी बाजूला सारले की तुम्ही तरंगाल. २०० लिटरची रुंद फळी त्यासाठी जेमतेम तिसरा हिस्सा बुडेल आणि पायाखाली ऐसपैस राहील. ८० लिटरची फळी जवळजवळ सगळीच बुडेल व पाऊल हलवताच कलंडेल.

शेवटी वाऱ्याच्या दिशेबद्दल. येथे चूक झाली तर नुसते नाकात पाणी जाऊन भागत नाही. भूगोलात तुम्ही खारे वारे व मतलई वारे शिकला आहात. कोकणात किंवा गोव्यात सकाळी लवकर किनाऱ्यावर गेलात, तर मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखे शांत दिसते, आणि नवशिक्याला वाटते की शिकायला हीच वेळ उत्तम. पण हा वारा परत आणत नाही, बाहेर नेतो. किनाऱ्यापासून दूर जाल तसा आडोसा संपून त्याचा जोर वाढतो. दुपारचा खारा वारा, तोही तिरका वाहणारा, नवशिक्याला परत किनाऱ्याकडे ढकलतो. तेव्हा निघण्यापूर्वी चिमूटभर कोरडी वाळू हातातून सोडून पाहा. ती पाण्याकडे उडत असेल तर फळी उतरवू नका. जीवरक्षक जाकीट अंगात हवे आणि शिकवणारा किनाऱ्यावर हवा. पावसाळ्यात तर समुद्राचा विचारही नको.

आणि तरीही दूर वाहून गेलात, तर फळी सोडून पोहू नका. पोहणाऱ्याचे डोके लाटांत दिसत नाही. फळी व रंगीत शीड लांबूनही दिसतात, शिवाय फळी बुडत नाही. शीड पाण्यात पडू द्या, म्हणजे ते नांगरासारखे पाण्याला धरून वाहण्याचा वेग कमी करील. फळीवर बसा आणि दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली, वर-खाली करा. संकटात असल्याची ही खूण जगभरचे खलाशी ओळखतात.